डॉक्टरांचा डबलर

पक्ष्यांच्या फोटोग्राफीत फोटो कमी आणि किस्से जास्त जमतात, हे तुम्हाला कॅमेऱ्याच्या दुकानात कुणी सांगत नाही. फोटो डिलीट करता येतो. किस्सा डिलीट करायला गेलं की आमचे पाशाभाई तो पुन्हा सुरुवातीपासून सांगतात आणि दर वेळी त्यात जरा मीठ-मिरची वाढवतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच खरं-खरं सांगून मोकळं व्हावं. माझ्या मीठ-मिरचीची जिम्मेदारी माझी.

आमची मंडळी नांदेडची. रविवारी सकाळी विष्णुपुरीच्या पाण्याकडं निघायचं, ऊन चढलं की टपरीवर बसायचं, चहा-भजी सांगायची आणि कुणाचा फोटो किती वाईट आलाय त्यावर चर्चा करायची. मी गजानन. माझा स्टुडिओ आहे. हप्ताभर नवरा-नवरीचे फोटो काढतो, रविवारी पाखरांचे. पाखरं 'जरा गोरं करा' म्हणत नाहीत, एवढं सुख. पाशाभाईंचं बॅटऱ्यांचं मोठं दुकान. जीप त्यांची, त्यामुळं जीपमध्ये बोलायचा पहिला हक्कही त्यांचाच. तिसरे वट्टमवार डॉक्टर, दातांचे. आणि चौथे लातूरचे बिरादार सर. फिजिक्सचे क्लास घेतात. ते आमच्यासोबत अधूनमधूनच येतात, पण आमच्या चुकांवर लक्ष मात्र बारा महिने ठेवतात.

हे सर लातूरला दरवर्षी दसऱ्याच्या आधी पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवतात. कुणाचा फोटो भिंतीवर लागणार ते तेच ठरवतात. माझे लागतात, पाशाभाईंचा एखादा लागतो. डॉक्टरांचा एकही कधी लागला नव्हता. सुरुवातीला सर म्हणायचे, "डॉक्टर, पक्षी लई लहान दिसून राहिलाय." डॉक्टरांनी हे फार मनावर घेतलं. त्या भिंतीवर आपला एक फोटो लागावा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती, आणि तिच्यापायीच ते डबलरच्या नादी लागले.

डबलर म्हणजे टेलिकन्व्हर्टर. कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायचं एक आखूड नळकांडं. ते लावलं की लेन्स दुप्पट लांबचं ओढून आणते. दुकानदार इथपर्यंतच सांगतो.

*

नांदेडच्या माणसाला काही भारी घ्यायचं असलं की तो पुण्याकडं बघत नाही, गाडी धरतो आणि हैदराबादला जातो. डॉक्टरही गेले. सहाशे एमएमची लेन्स त्यांच्याकडं आधीच होती. ती एवढी दांडगी की दवाखान्यात तिला वेगळी खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर पेशंटला बसू देत नसत. तिच्यामागं आता डबलर लागला.

रविवारी पाण्यावर आले ते छाती काढूनच. "गजूभाऊ, सहाशेचे बाराशे झाले. आता या काठावर बसून त्या काठावरच्या खंड्याचे दात मोजतो."

"खंड्याला दात नसतात, डॉक्टर."

"बोलायची एक पद्धत असते हो."

तेवढ्यात समोरच्या खांबावर खंड्या येऊन बसला, आपल्याकडचा तो निळा धीवर. डॉक्टरांनी तोफ रोखली, बटण अर्धं दाबलं. झूंऽऽ. लेन्स आतून पुढं गेली. झूंऽऽ. मागं आली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. खंड्यानं पाण्यात सूर मारला, मासा आणला, खांबावर दोनदा आपटला, गिळला, चोच पुसली. इकडं झूं-झूं चालूच.

आता यात लेन्सचा काही दोष नाही. लांबचं बघायचं तर उजेडाचा बळी द्यावा लागतो. डबलर लावला की कॅमेऱ्यात पोचणारा उजेड चौथाईवर येतो आणि आपोआप फोकस करणारी जी यंत्रणा असते तिला उजेडच लागतो. तो कमी पडला की ती पहाटे उशापाशी चष्मा शोधणाऱ्या माणसासारखी चाचपडत राहते. डॉक्टरांचा कॅमेरा जुना, त्यांची लेन्स मुळातच जराशी अंधारी. तिथं डबलर लावल्यावर ऑटोफोकस चालणारच नव्हता. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "नवीन आहे. रुळायला वेळ लागतो."

पाशाभाई चहा फुंकत म्हणाले, "डॉक्टर साब, तो खंड्या जेवून गेला. तुमचा कॅमेरा अजून हात धुऊन राहिला."

*

डॉक्टरांनी तिथूनच हैदराबादला फोन लावला. दुकानदाराला झापलं की, बाबा रे, हा फोकसच करत नाही, पाखरू उडून जातं. दुकानदार मुरलेला होता. तो शांतपणे म्हणाला, "साब, चाँद पे लगाओ. चाँद कहीं नहीं उड़ता."

आमच्या डॉक्टरांना हा सल्ला पटला. पौर्णिमेला संध्याकाळी गच्चीवर तिवई उभी राहिली. वहिनींनी दोनदा जेवायला हाका मारल्या, पण साहेब चंद्राला सोडायला तयार नाहीत. झूं-झूं करत शेवटी कुठंतरी कॅमेरा अडकला आणि खटक्‌ झालं. फोटो आला. गोल होता, पिवळट होता, कडा विरघळलेल्या होत्या आणि मधे काळपट डाग होते. डॉक्टरांनी कौतुकानं तो वहिनींच्या फोनवर पाठवला. वहिनींनी तो माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली नुसतं लिहिलं, 'यांनी केलेलं.'

उदगीरहून त्यांच्या भावजयीचं लगेच उत्तर आलं. 'भावजींनी धपाटं छान केलंय, मधे जरा करपलंय. नुसत्या ज्वारीचं की मिश्र पिठाचं?'

वहिनी खानदानी बाई. नवऱ्याची इज्जत राखायला त्यांनी 'मिश्र' असं उत्तर दिलं आणि खाली कृतीही लिहून पाठवली.

*

त्यानंतर डॉक्टरांना कुठल्यातरी व्हिडिओतून शोध लागला की कॅमेऱ्याला फसवता येतं. डबलरवर बारीक बारीक पितळी टोकं असतात. त्यांतली काही चिकटपट्टी लावून झाकायची. मग मधे डबलर आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही आणि तो बिचारा नेहमीसारखं फोकस करायला जातो. जातो हे खरं, पण उजेड काही चिकटपट्टीनं वाढत नाही.

डॉक्टरांनी दवाखान्यातली पट्टी काढली, दातात वापरायच्या चिमट्यानं टोकं झाकली आणि आम्ही सगळे रेणापूरच्या धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो. थंडीत तिथं पट्टेरी हंस उतरतात. मोठा थवा होता. कॅमेरा खरोखर फसला. आधी तो चाचपडून शेवटी गप तरी बसायचा, आता त्याला वाटायला लागलं की आपल्याला जमणार आहे. झूं-झूं थांबेचना. हंस चरले, झोपले, उठले, उडून गेले आणि मग डॉक्टरांची बॅटरी संपली. दुसरी घातली, तीही संपली.

"असा गिऱ्हाईक माझ्या दुकानाला पाहिजे होता," पाशाभाई म्हणाले. "मी उगीच ट्रॅक्टरवाल्यांच्या मागं लागलो."

पण खरी मजा परत आल्यावर झाली. पट्टीचा एक तुकडा सुटून आत अडकला होता आणि डबलर कॅमेऱ्यातून निघेना. डॉक्टर स्टुडिओत घेऊन आले. मी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं, चिमटा आत घातला. समोर डॉक्टर खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून बसलेले, कपाळावर घाम.

"दुखणार नाही," मी म्हणालो. "फक्त हलू नका."

"तुम्ही सगळे असंच म्हणता," डॉक्टर म्हणाले.

मी त्या दिवशी त्यांना हात जोडून सांगितलं, की हे नळकांडं काढून ठेवा. नुसत्या सहाशेवर तुमचा फोकस झकास बसतो. पाखरू थोडं लहान येईल, पण दिसेल तरी. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "सरांनी लहान म्हणून परत पाठवलं होतं. आता मोठं करूनच देणार."

दिलं. त्या वर्षी त्यांनी चौकटभर मोठ्या करकोच्याचा फोटो दिला. सरांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "फोकस नाही. नापास."

*

आता थोडं सरांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर डॉक्टरांवर अन्याय होईल.

बिरादार सर डबलरला हात लावत नाहीत. चारशेची लेन्स, एवढंच. त्यांचा फोकस इतका पक्का की पिसाची दांडी मोजून घ्या. पण चारशेत पाखरू येतं केवढं? आभाळ आलं, तळं आलं, पलीकडचा ऊस आला, उसाच्या पलीकडचं गाव आलं, आणि त्यात कुठंतरी सरांचं पाखरू अगदी शार्प बसलेलं असतं. प्रदर्शनात लोक त्या फोटोसमोर उभे राहतात आणि 'पाणी छान आलंय' म्हणून पुढं जातात.

त्यामुळं सर हातात काठी घेऊन उभे असतात. क्लासमध्ये फळ्यावर दाखवायची तीच काठी. कुणी थांबलं की काठीचं टोक फोटोवर नेऊन म्हणतात, "हा पक्षी." लोक वाकून बघतात. काही जण चष्मा पुसतात.

एका वर्षी पाशाभाईंनी काठी टेकवलेल्या जागी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सर, हा पक्षी आहे का काठीचा डाग?"

सर काठीवरून बोट फिरवत म्हणाले, "भारद्वाज आहे." त्यांना असल्या गोष्टींचं हसू येत नाही. हुशार माणसाचं असंच असतं, दुसऱ्याची चूक त्याला लांबूनही दिसते आणि स्वतःचं पाखरू काठीनं दाखवावं लागतं.

*

डॉक्टरांची मुलगी श्रेया लातूरला शिकत होती. आमच्या भागात लेकरू हुशार निघालं की त्याला लातूरला नेऊन ठेवतात. तिथं ते दोन वर्षं प्रश्न सोडवतं आणि मग घरी येऊन झोपतं. श्रेयाला फिजिक्स शिकवायला कोण, तर बिरादार सर.

एका दुपारी दवाखान्यात तिचा फोन आला. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला आणि फोन उचलला. पेशंट मीच होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"बाबा, सरांनी आज वर्गात तुमचा फोटो दाखवला. मोठ्या पडद्यावर."

डॉक्टरांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. मलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला. "कोणता गं?"

"तो करकोच्याचा. खाली तुमचं नावही होतं. डॉक्टर वट्टमवार, नांदेड."

"बरं? मग काय म्हणाले सर?"

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग श्रेया म्हणाली, "प्रकाशाच्या धड्यावर प्रश्न होता बाबा. या चित्रातल्या चुका कारणांसह लिहा."

डॉक्टरांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"मला पैकीच्या पैकी मिळाले," पोरगी हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि माझी दाढ भरली. इतक्या हलक्या हातानं त्यांनी माझी दाढ कधीच भरली नव्हती. आमच्यात डॉक्टरांना सगळेच हसायचे, मीही हसायचो, पण त्या दिवशी त्यांना लागलं होतं. मला सरांचा मनापासून राग आला. माणसाची चेष्टा टपरीवर करावी, त्याच्या पोरीच्या वर्गात करू नये.

हात धुताना डॉक्टर म्हणाले, "गजूभाऊ, सगळ्या पोरांसमोर तिनं मान खाली घातली असेल हो. तिचं लातूर संपायच्या आत माझा एक फोटो त्या भिंतीवर लागला पाहिजे. एकच. मग कॅमेरा विकून टाकीन."

मी 'हूं' म्हणालो. तोंडात कापूस होता.

*

त्यानंतर डॉक्टरांनी काय करावं? डबलर काढला नाही. ऑटोफोकस बंद करून टाकला. म्हणाले, "मशीनच्या भरवशावर राहायचंच नाही. हातानं फोकस करतो."

आता बाराशेच्या लेन्सवर हातानं फोकस म्हणजे बोटाच्या केसभर हालचालीत पाखरू आहे आणि नाही. डॉक्टरांनी प्रॅक्टिससाठी दवाखान्याची खिडकी धरली. खिडकीतून बसस्टँडकडून येणारा रस्ता दिसतो. लांबून मुखेडची एसटी वळण घेऊन आली की तिच्या कपाळावरच्या पाटीवर फोकस धरायचा आणि गाडी जवळ येईल तसतसा लेन्सवरचं कडं फिरवत 'मुखेड' ही अक्षरं शार्प ठेवायची. इकडं खुर्चीत पेशंट तोंड उघडून पडलेला. त्यानं 'आं आं' केलं की डॉक्टर म्हणायचे, "थांबा, देगलूर येऊन राहिली."

असं किती तरी दिवस चाललं. मग कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, कारण एक हवालदार जिना चढून आला. खिडकीतून रस्त्यावर रोखलेली ती तोफ बघून तो दारातच थबकला.

"काय करून राहिले डॉक्टर?"

"एसटीच्या पाट्या वाचतो."

"खाली जाऊन वाचा की. तिथं बिनाचष्म्याचं वाचता येतं."

डॉक्टरांनी त्याला सगळं समजावलं. डबलर, उजेड, लातूरचं प्रदर्शन, श्रेया, सगळं. हवालदार भला माणूस निघाला. त्यानं डोळा लावून बघितलं, जरा इकडं-तिकडं फिरवलं आणि एकदम मागं सरला. म्हणाला, "आमचे साहेब हॉटेलात बसून राहिले ना तिथं. मला तर बंदोबस्तावर आहे म्हणून सांगितलं." मग डॉक्टरांकडं वळून म्हणाला, "चालू द्या तुमचं. पण मी इथं आलो होतो हे कुणाला सांगू नका."

जाता जाता त्यानं दाढ दाखवून घेतली.

*

आणि मग गेल्या श्रावणातली गोष्ट.

मुखेडकडचे मारोतराव म्हणून पाशाभाईंचे एक गिऱ्हाईक आहेत. ट्रॅक्टरची बॅटरी बदलायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "पाशाभाई, आमच्या माळावर गवतात एक काळं कोंबडं हाय. दिवसभर उड्या मारून राहिलंय. लई येडं हाय ते."

पाशाभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. गवतातून उभी उडी मारणारं काळं पाखरू म्हणजे तणमोर. आता फार उरलेले नाहीत ते. आमच्यापैकी कुणी आयुष्यात बघितलेला नव्हता. श्रावणात नर गवतात उभा राहतो आणि मादीला दिसावं म्हणून एका जागेवरून उभी उडी घेतो. पंख फडफडवत गवताच्या वर येतो, दिसतो न दिसतो तोच खाली. मग पुन्हा गवतात गडप.

रविवारची वाट कोण बघतो? दुसऱ्या दिवशी दुकान, स्टुडिओ, दवाखाना, सगळं बंद. सरांना फोन केला. त्यांचा रिव्हिजनचा वर्ग होता. म्हणाले, "तुम्ही जा. तणमोर बिणमोर काही नसतंय, कोंबडं असेल."

आम्ही जीप माळापासून लांब लावली आणि खाली उतरायचं नाही असं ठरवलं. आभाळ भरून आलेलं, उजेड मेलेला. पाखरू इतकं लांब की मी पिशवीतून माझा छोटा कन्व्हर्टर काढला आणि लावला. पाशाभाईंकडं बघितलं तर तेही हळूच तेच करत होते. आम्ही दोघांनी एकमेकांशी नजर मिळवली नाही.

गवत हललं आणि तो वर आला. काळाभोर, पोटाखाली पाय दुमडलेले, डोक्यामागं तुऱ्याची दोन-चार लांब पिसं. मी बटण दाबलं. झूंऽऽ. शेजारून पाशाभाईंचंही झूंऽऽ. कॅमेरा गवतावरून आभाळात गेला, आभाळातून गवतावर आला, आणि तोवर तणमोर खाली जाऊन उभा होता. परत उडी, परत झूं. माझ्याकडं शेवटी गवताच्या एका पात्याचा फोटो आला. पातं मात्र असं शार्प की सरांनी काठी न लावता पास केलं असतं.

मागच्या सीटवर डॉक्टर होते. तिथून आवाजच नव्हता. त्यांनी स्क्रीनवर गवताचा तोच पुंजका मोठा करून बघितला, कडं फिरवलं, दोन बोटांनी धरून ठेवलं, जसा पेशंटचा जबडा धरतात तसा. पाखरू त्याच जागेवरून उडतंय, मग फोकस त्याच जागेवर ठेवायचा आणि वाट बघायची. उडी झाली की खटक्‌. उशीर. उडी झाली की खटक्‌. घाई. भूक लागली, पाय अवघडले, मारोतरावांनी दिलेल्या भाकरी खाऊन झाल्या, डॉक्टरांनी मात्र बोटं काढली नाहीत.

दुपार कलताना एकदा खटक्‌ झालं आणि डॉक्टरांनी स्क्रीनकडं बघितलं. कॅमेरा पुढं दिला. तणमोर गवताच्या वर अधांतरी होता. पंख पसरलेले, तुऱ्याचं पिसन्‌पीस वेगळं, आणि डोळ्यात आभाळ दिसत होतं. उजेड कमी म्हणून फोटो जरा दाणेदार होता, पण शार्प. मी माझ्या धंद्यात इतके फोटो काढले, असा एक निघाला नाही. पाशाभाईंनी बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि डोळे पुसले. त्यांना बोलायला काही सुचलं नाही, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

डॉक्टर म्हणाले, "आपण इथूनच लातूरला जायचं का?"

त्या दिवशी गेलो नाही. मी स्टुडिओत रात्रंदिवस त्या फोटोच्या मागं होतो, मोठी प्रिंट काढली, चौकट केली, आणि प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी आम्ही तिघं लातूरला हॉलवर पोचलो. सर काठी घेऊन फोटो लावून घेत होते. श्रेया मैत्रिणींना घेऊन आली होती. बाबा काहीतरी आणणार आहेत एवढंच तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी चौकटीवरचा कागद सोडला.

सर बघत राहिले. मग प्रिंट जवळ धरली, लांब धरली, उलटी करून मागचा पुठ्ठाही बघितला.

"कुठून आणला?"

"मुखेडच्या माळावर काढला सर."

"डॉक्टर," सर म्हणाले, "तुमचे फोटो मी इतकी वर्षं बघून राहिलो. हा तुमचा नाही."

हॉलमध्ये जे चार-दोन लोक होते ते थांबले. श्रेयाच्या मैत्रिणी एकमेकींकडं बघायला लागल्या. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मी पुढं झालो, म्हणालो, सर, मी त्याच जीपमध्ये पुढं बसलो होतो, पाशाभाई होते, आमच्या डोळ्यांदेखत काढलाय.

"तुम्ही साक्षीदार न्हाईत, तुम्ही पार्टी हाय," सर म्हणाले. रागावले की त्यांचं शुद्ध मराठी सुटतं. "इंटरनेटवरून उचललेला फोटो मी माझ्या भिंतीवर लावणार न्हाई. काल फोकस नव्हता आन्‌ आज असा आला?"

पाशाभाई बाह्या सरसावायला लागले. त्यांना मी आवरलं. डॉक्टर चौकटीवर कागद परत गुंडाळायला लागले. तेव्हा श्रेया पुढं आली. तिनं बापाच्या हातातून चौकट घेतली आणि सरांना म्हणाली, "सर, कार्ड बघा ना. कॅमेऱ्यातलं. त्या दिवसाचं सगळंच असेल."

सरांनी लॅपटॉप उघडला. डॉक्टरांनी कॅमेऱ्यातून कार्ड काढून दिलं. सगळे मागं गोळा झाले आणि सर एकेक फोटो पुढं सरकवायला लागले.

पहिला फोटो गवताचा होता. दुसरा आभाळाचा. मग पुन्हा गवत. मग फोटोबाहेर निघालेली एक शेपटी, तीही धुरकट. मग आभाळ. मग एक काळा ठिपका, तो पाखरू होता की ढेकूळ ते सांगता येईना. मग पाशाभाईंचा कान, मोठ्यातला मोठा, पार विरघळलेला. मग गवत, गवत, आभाळ, डॉक्टरांचा गुडघा, गवत. पोरींनी तोंडावर ओढण्या धरल्या. सरांचं बोट थांबत नव्हतं. कितीतरी वेळ तेच चाललं आणि मग एकदम पडद्यावर तणमोर आला, पंख पसरलेला, डोळ्यासकट. त्याच्या पुढं परत गवत. परत आभाळ. परत एक हललेलं, विस्कटलेलं, कशाचं ते न कळणारं काहीतरी.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मागं जाऊन त्यांनी ते सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग उठले, श्रेयाच्या हातातून चौकट घेतली आणि भिंतीच्या मधोमध खिळा ठोकायला सांगितला.

डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "व्हय. तुमचाच हाय."